प्रवाह जरा मंद करा

आईच्या निधनानंतर वडिलांना सोबत म्हणून मी एक बेट्टा मासा आणला. बाजारात त्याला ‘फायटर’ म्हणतात. टाकी मोठी घेतली, फिल्टरही जोरकस. आठवड्याभरात मासा पानाआड दडून राहू लागला, खाईना. मी औषध शोधू लागलो. दिवसभर टाकीसमोर बसणारे वडील म्हणाले, “अरे, तो आजारी नाही, दमलाय.”

निदान अचूक होते. हा मासा मूळचा थायलंडकडील भातखाचरांच्या उथळ, संथ पाण्यातला. हवा घेण्यासाठी त्याला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. लांब पर सांभाळत प्रवाहाशी झुंजताना तो थकतो.

मात्र फिल्टर बंद करू नये. माशाच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू त्यातच वाढतात. आम्ही वीज बंद करून फिल्टरचे तोंड काचेकडे वळवले, त्यावर स्पंज बसवला आणि तो पुन्हा सुरू केला. हा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने जिवाणू मरतात.

चौथ्या दिवशी मासा वर येऊन दाणे टिपू लागला.

त्या संध्याकाळी वडिलांना फिरायला नेताना ध्यानात आले, की त्यांनाही धाप लागली होती. ‘व्यायाम हवाच’ म्हणत मी त्यांना रोज माझ्या वेगाने ओढत होतो. फिरणे आम्ही थांबवले नाही. मी माझी चाल तेवढी कमी केली. आपणही आज आपल्या वृद्धांसोबत चालताना त्यांचा श्वास जरूर ऐकावा.