पोरांचा पासवर्ड डब्यात कशाला?

नाशिक जिल्ह्यातली इंजिनिअरिंग कॉलेजं मोजायला बसलात तर दोन्ही हातांची बोटं कमी पडतील. बहुतेकांच्या माहितीपत्रकात 'वाय-फाय कॅम्पस' असं ठळक छापलेलं असतं. आणि तरीही शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट दाखवायची वेळ आली की पोरं खिशातला मोबाईल काढून हॉटस्पॉट चालू करतात. का, ते जरा सविस्तर सांगतो.

मी सातपूरला ऑटोमेशनची कामं करतो. दरवर्षी थंडीत चार-सहा पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात. यंदा निफाडकडची दोघं आली. द्राक्षाच्या पानावर ओल किती वेळ टिकते ते मोजायचं आणि डावणीचा धोका दिसला की बागवाल्याच्या मोबाईलवर सूचना टाकायची, असा त्यांचा डबा. आत रास्पबेरी पाय. क्रेडिट कार्डाएवढा, पण पुरा कॉम्प्युटर. २०१२ साली इंग्लंडात आला तेव्हा ३५ डॉलरला मिळायचा. डबा झकास चालत होता. फक्त कॉलेजच्या वाय-फायला जोडला जात नव्हता.

घरच्या वाय-फायला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड असतो. कॉलेजात तसं नसतं. तिथे प्रत्येकाचं वेगळं युजरनेम, वेगळा पासवर्ड, आणि मागे बसलेला एक सर्व्हर तो तपासून मगच आत सोडतो. फोनवर हे सोपं जातं. पण रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड तयार करताना जो फॉर्म येतो, त्यात नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड एवढंच विचारतात. युजरनेमचा रकानाच नाही! मग कमांड लिहून ते भरायचं. त्यातही २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांची नवी सिस्टिम आली आणि वाय-फायची जुनी फाईल बाजूला पडून सगळा कारभार नेटवर्क मॅनेजरकडे गेला. जुने व्हिडिओ बघून पोरं रात्र-रात्र त्या जुन्या फाईलशी झगडत बसतात. काही कॉलेजांत तर ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडतं. डब्याला ना स्क्रीन ना कीबोर्ड. तो पान उघडणार कुठे?

पण हे सगळं जमतं हो. अर्ध्या तासात जोडून देता येतो. माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे.

जोडायचा म्हणजे कुणाचा तरी पासवर्ड त्यात भरायचा. कुणाचा? त्या पोराचाच. तो मेमरी कार्डावर जवळजवळ उघडाच पडून राहतो. कार्ड काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, वाचा. पुष्कळ कॉलेजांत त्याच पासवर्डवर ईमेल आणि निकालाचं पोर्टलही उघडतं. आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासायची पायरी अवघड वाटते म्हणून पोरं ती सर्रास बंद करतात. मग कुणी कॉलेजच्याच नावाचं खोटं वाय-फाय बाहेरच्या चहाच्या टपरीवर चालू केलं, तर डबा बिनदिक्कत त्याला आपली ओळख सांगायला जातो. म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या नियमातूनच भोक पडतं.

कॉम्प्युटर विभागातल्या माणसाला शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्याच्या डोक्यावरही टांगती तलवार आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सिस्टिमचे लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात. उद्या काही भानगड झाली तर कोण जोडलेलं होतं ते त्यालाच विचारणार. म्हणून तो म्हणतो, "माणसाच्या नावाशिवाय कनेक्शन नाही." बरोबर आहे त्याचं. पण डबा म्हणजे माणूस नाही. पोरगं पास होऊन पुण्याला गेलं, त्याचं खातं बंद झालं, की प्रयोगशाळेतला डबाही मुका होतो.

यावर तोडगा जुनाच आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात उपकरणांसाठी वेगळं वाय-फाय आहे. आपल्या नावावर उपकरण नोंदवायचं, त्याला त्याचा स्वतःचा पासवर्ड मिळतो. जबाबदार माणूस कोण ते नोंदीत राहतं. डबा चोरीला गेला तर तेवढाच पासवर्ड रद्द. हे नेटवर्क परीक्षा आणि अकाउंट्सच्या कॉम्प्युटरपासून तोडून ठेवता येतं. कॉलेजात चांगल्या कंपनीची यंत्रणा बसवलेली असेल तर ही सोय बहुधा त्यातच असते. चालू करायची आहे, विकत घ्यायची नाही.

नाशिकला याची गरज जास्त आहे. २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. २०१५ ला आपल्याच नाशिकच्या नीलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी पावलं मोजणारी चटई केली, 'आशियोटो'. १८ तासांत ५ लाखांवर माणसं तिने मोजली. २०२७ चा कुंभ आता दारात आहे. असली यंत्रं रस्त्यावर न्यायच्या आधी महिनोन्‌महिने एखाद्या खोलीत अखंड चालवून बघावी लागतात. मोबाईलचा हॉटस्पॉट पोराबरोबर संध्याकाळी घरी जातो. रात्रीची नोंद कुठून येणार? आणि डावणीला पोषक ओल धरते ती रात्री-पहाटेच.

तेव्हा पालकांनो, माजी विद्यार्थ्यांनो, कॉलेजात गेलात तर एवढंच विचारा: उपकरणांसाठी वेगळी नोंदणी आहे का? निफाडच्या पोरांसाठी मी विभागप्रमुखांच्या नावे अर्ज लिहून दिलाय. त्यात उपकरणाचा मॅक पत्ता, ते कुठल्या खोलीत राहणार, किती महिने आणि जबाबदार शिक्षक कोण, असं सगळं एका पानात आहे. कुणाला नमुना हवा असेल तर मागा, पाठवतो. तुमच्याकडे काय पद्धत आहे तेही सांगा. कॉलेजचं नाव नको, पद्धत सांगा.