उन्हाळी आणि संकोच

कुटुंबांत सर्वांच्या हातीं पडणाऱ्या मासिकांत मूत्राशयाच्या विकाराविषयीं लिहावें काय, अशी शंका कित्येकांस येईल. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, चरकसंहितेनें हृदय आणि शिर यांच्या पंक्तीस बस्तीला बसवून तीन प्रधान मर्मांत तिची गणना केली आहे, आणि मलमूत्रादि वेग अडवूं नयेत हें सांगण्यासाठीं एक स्वतंत्र अध्याय योजिला आहे. पूर्वाचार्य जेथें संकोचले नाहींत, तेथें आपणच कां संकोचावें?

लघवीच्या वेळीं आग होणें, वारंवार जावें लागून थेंब थेंबच उतरणें, ओटीपोट दुखणें, यास घरोघर ‘उन्हाळी लागली’ असें म्हणतात. नांवामुळें सारा दोष उष्णतेच्या माथीं जातो आणि धने-जिऱ्याच्या पाण्यावर भागविलें जातें. त्या निमित्तानें पाणी पोटांत जातें हें बरेंच. परंतु पुष्कळदां मूळ कारण जंतु हें असतें. थिओडोर एशरिख यांनीं १८८५ सालीं वर्णिलेला व आज ई. कोलाय या नांवानें ओळखला जाणारा जंतु एरवीं आपल्या आंतड्यांत बहुधा निरुपद्रवीपणें राहतो. तोच मूत्रमार्गानें वर चढला म्हणजे दाह उत्पन्न करितो. पुरुषाचा हा मार्ग सुमारें २० सेंटिमीटर लांब, तर स्त्रीचा अवघा ४. म्हणून हा विकार स्त्रियांस अधिक होतो. त्यांत कोणाच्या अस्वच्छतेचा किंवा आचरणाचा दोष शोधीत बसणें अन्यायाचें आहे.

सहा महिन्यांत दोनदां किंवा वर्षांत तीनदां त्रास झाल्यास तो ‘वारंवार होणारा’ समजावा. अशा वेळीं औषधापूर्वीं मधल्या धारेची लघवी तपासावयास द्यावी. कोणता जंतु आहे व कोणतें औषध त्यास लागू पडतें, हें जंतुपरीक्षेनें कळतें. मागल्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या घेणें मात्र सर्वस्वी वर्ज्य. अशा वापरानें दुर्बळ जंतु मरतात, बळकट तेवढे उरतात व पुढें तेंच औषध निकामी होतें. ताप, हुडहुडी, कुशींत कळ किंवा उलटी असेल, तर विकार मूत्रपिंडापर्यंत पोंचला असण्याचा संभव असतो. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. गरोदरपणीं लक्षणें नसलीं तरी आढळलेल्या जंतूंवर उपचार करावे लागतात. उलट वृद्ध स्त्रीस कांहींच त्रास नसेल, तर अहवालांतील जंतु पाहून औषध देण्याची बहुधा गरज नसते.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, कमी पाणी पिणाऱ्या व वारंवार हा त्रास होणाऱ्या १४० स्त्रियांपैकीं निम्म्यांनीं रोज दीड लिटर पाणी अधिक घेतलें. वर्षभरांत त्यांस सरासरी १.७ वेळां, तर इतरांस ३.२ वेळां विकार झाला. (मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणारांनीं मात्र डॉक्टरांस विचारूनच पाणी वाढवावें.) रजोनिवृत्तीनंतर स्थानिक इस्ट्रोजेन मलमाचाही चांगला उपयोग होतो, हें १९९३ सालापासून प्रयोगसिद्ध आहे, तेंही सल्ल्यानेंच घ्यावें.

परंतु ‘पाणी प्या’ म्हणणें सोपें. पिऊन जावें कोठें? अध्यापनाच्या काळांत आम्हीं पाहिलें आहे कीं, शाळेंत मुलींसाठीं धड सोय नसल्यामुळें चांगल्या घरच्या मुली सकाळपासून सायंकाळपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. शिक्षिकांचेंही तेंच. तो त्यांचा स्वभाव नव्हता. ती आमची व्यवस्था होती. मुंबईंत २०११ सालापासून स्त्रियांनीं सार्वजनिक मुताऱ्यांसाठीं चळवळ आरंभिली, तेव्हां पुरुषांस जें फुकट मिळे त्यासाठीं स्त्रियांस पैसे मोजावे लागत, ही गोष्ट चारचौघांत बोलली गेली.

घरांतील सून किंवा वृद्ध आई हें दुखणें आपण होऊन बहुधा सांगत नाहीं. म्हणून कर्त्या पुरुषांनीं तें सांगण्याइतकी मोकळीक घरांत ठेवावी. प्रवासांत गाडी कोठें थांबवावयाची हें निघण्यापूर्वींच ठरवावें, आणि मुलीच्या शाळेंत पालकसभेस गेल्यावर गुणपत्रक पाहण्याआधीं तेथील स्वच्छतागृह पाहण्याची इच्छा प्रकट करावी.