पिशवी नको, नुसता डाग काढा!

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन', एप्रिल 2009. डॉक्टर मंडळी ज्या नियतकालिकापुढे मान तुकवतात त्यात कुणाची गोष्ट छापून आली होती? आपल्या उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची! खेड्यापाड्यांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 साली गावांचे 52 गट पाडून गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचं काम सुरू केलं. आणि मला हे आत्ता कळतंय! भेटेल त्याला सांगत सुटलेय.

पण खरं वेड लावलं त्या डागानं. गर्भपिशवीच्या तोंडाशी एचपीव्ही विषाणूमुळे पेशी बिघडतात, तोच हा डाग. तो कॅन्सर नसतो. व्हायचा झाला तरी बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. कित्येकदा शरीर आपणच तो डाग पुसून टाकतं. आणि दिसतो कसा? पातळ ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबायचं, बिघडलेला भाग पांढरा पडतो. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरच्या बाटलीत असतं ना, तेच आम्ल!

उपचार तर आणखी भारी. डाग लहान असेल तर नायट्रस ऑक्साइडनं गार केलेली धातूची टोपी टेकवतात: तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा तीन मिनिटं. टाके नाहीत, पूर्ण भूल नाही. डाग मोठा असेल तर जागा बधिर करून विजेच्या तारेच्या फासानं तेवढाच भाग काढतात. नंतर काही आठवडे पाण्यासारखं जातं, महिनाभर संबंध टाळायचे, फेरतपासणी चुकवायची नाही. त्याच जागी चिकट स्रावाच्या बारीक साध्या गाठी असतील, तर त्यांना बहुधा हातही लावावा लागत नाही.

आणि आमच्याकडे? 'पिशवीला जखम आहे' म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: काढून टाका! शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्यावरून 2019 साली राज्यभर गदारोळ झाला, तो आठवतो ना?

धाराशिवच्या त्या गावांत एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीनं आठ वर्षांतले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तपासणी न झालेल्या गटात 64, झालेल्या गटात 34. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेनंही पहिली पसंती याच तपासणीला दिली.

मंगळवारी दोन्ही जावांना घेऊन तपासणीला निघालेय. थोरल्या म्हणतात, "मला कसलाच त्रास नाही गं." अहो ताई, त्रास नसतानाच करायची असते ती!