मागच्या बाकावरून

आमच्याकडे बायकांच्या प्रवासाला कारण लागते. लग्न, मय्यत, बाळंतपण, दवाखाना, उर्स. या पाचांपैकी एक असले की बुरखा खुंटीवरून निघतो आणि घरातला कोणी पुरुष रिक्षा बोलावून आणतो. नुसते डोंगर बघायला म्हणून कोणी बाई निघाली, असे मी माहेरी पाहिले नाही आणि सासरीही नाही.

रावेरला आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुडा दिसतो. पावसाळ्यात हिरवा, उन्हाळ्यात राखेच्या रंगाचा. त्याच्या कुशीत पाल आहे, आमच्या तालुक्याचे थंड हवेचे ठिकाण. तासाभराची वाट. मोहल्ल्यातले पुरुष दर हिवाळ्यात देगची, कोंबड्या आणि तिरपाल घेऊन एकदा तरी तिकडे जाऊन येतात. माझ्या सासूबाईंना आम्ही अम्मी म्हणतो. त्या लग्न होऊन रावेरला आल्या त्याला चाळीस वर्षे झाली. त्यांनी पाल पाहिले नव्हते. शाळेत माझी मुले नकाशावर तापी आणि सातपुडा बरोबर दाखवतात, पण दूर दिसणारा निळा डोंगर तोच, असे सांगितले की चकित होतात. तेव्हा मला वाटले, वर्गातल्या मुलांचे पुढे बघू, आधी घरातल्यांना दाखवू.

पालपर्यंत एसटी जाते. पण आम्हाला मुक्काम करायचा होता, तोही डांबरी सडक सोडून आत. बी.एड.ला माझ्या शेजारी बसणारी एक तडवी मैत्रीण आहे. तडवी भिल्ल हे सातपुड्याच्या पायथ्याचे आदिवासी, आणि आपल्यासारखेच कलमा पढणारे. तिच्या वडिलांचे शेत डोंगराला लागून आहे. “या ना राहायला, विहीर आहे, लिंबाची सावली आहे,” असे ती पाच वर्षे म्हणत होती. सडकेपासून शेतापर्यंत तीन किलोमीटर मुरुमाची चढण आणि मध्ये एक नाला. भाड्याची गाडी नाल्याच्या अलीकडे थांबते. शिवाय परका ड्रायव्हर रात्रभर बरोबर असला की घरातल्या बायकांना मोकळे बसता येत नाही. म्हणून घरची गाडी हवी होती, आणि ती चारही चाकांनी ओढणारी हवी होती.

नवी घेणे आमच्या ऐपतीत नव्हते. मुलांचे अब्बा केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितात, माझा पगार महिन्याचा महिन्याला ठरलेला. कर्ज काढले असते तर मिळाले असते, पण व्याजाला घरात कोणाचीच राजी नव्हती. मग आपल्या बायकांची जुनी बँक कामी आली, बीसी. वीस जणी, दरमहा पाच हजार, एकीची पाळी आली की एक लाख. दोन बीसी, काही शिल्लक आणि माझ्या दोन बांगड्या मिळून साडेपाच लाख जमले. एवढ्यात जुनीच गाडी येणार होती. म्हणून निवडायची ती डोळे उघडे ठेवून, एवढे मी ठरवले.

पहिला धडा मोहल्ल्यातल्या मिस्त्री चाचांनी दिला. आपल्या भागात उंच आणि चौकोनी दिसणाऱ्या प्रत्येक गाडीला लोक जीप म्हणतात. बाजाराच्या दिवशी पंधरा-पंधरा माणसे कोंबून धावणाऱ्या जीप आपण वर्षानुवर्षे पाहिल्या. त्यांतल्या बहुतेकींना फक्त मागची चाकेच ओढत होती. चाचा म्हणाले, “शक्ल पे मत जाओ बेटा, नीचे झुक के देखो.” खरी फोर-बाय-फोर असेल तर गिअरबॉक्सला जोडून आणखी एक छोटी पेटी असते. तिच्यातून एक शाफ्ट मागे जातो आणि एक पुढे. पुढच्या दोन चाकांच्या मध्येही डिफ्रेन्शियल दिसायला हवे.

या जीपची एक हकिकत आपल्या वाचकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून एक कंपनी काढली. तिचे नाव होते ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४७ मध्ये याच कंपनीने मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली होती. १९४८ मध्ये नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. भागीदारी तुटली, जीप इथेच राहिली. आपले आजोबा-पणजोबाही इथेच राहिले.

आता निवडीचे सांगते. पुरुष गाडी बघतात ती स्टिअरिंगमागे बसून. मी ठरवले, आपण मागच्या बाकावर बसून बघायची. आम्ही पाच माणसे: आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. अम्मींचे गुडघे दुखतात. म्हणून प्रत्येक गाडी बघायला मी अम्मींना बरोबर नेले. विकणारे हसायचे. एकाने विचारलेसुद्धा, “खालाजान चलानेवाली है क्या?”

१९८५ साली आलेली मारुती जिप्सी हलकी आणि डोंगरात चिवट. लष्कराने ती वर्षानुवर्षे वापरली. आता ती बनत नाही, पण जुन्या बाजारात मिळते. इंजिन मात्र पेट्रोलचे, आणि मागे समोरासमोर आडवी बाकडी. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या थारचेही मागचे बसणे तसेच. डिझेल इंजिनाची ओढ जबर, वर ताडपत्रीचे छत. दोन्ही गाड्या जवान पोरांसाठी छान. अम्मींनी एकीत एक पाय ठेवला, बुरख्याचा घेर पायरीत अडकला, आणि त्या तशाच खाली उतरल्या. “बहू, इस में मैं चढ गई तो उतारने को चार आदमी लगेंगे.” जुन्या गाड्यांच्या आडव्या बाकांना बहुधा पट्टेही नसतात. खड्ड्यात गाडी आपटली की लहान मूल सरळ समोरच्या बाकावर जाते. आमच्यापुरता हा प्रश्न तिथेच मिटला.

उरल्या दोन. टाटांची सफारी १९९८ ची, महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ ची. दोघींच्या काही मॉडेलांत फोर-बाय-फोर मिळत असे, सगळ्यांत नाही. नावावरून फसू नये. २०२१ मध्ये सफारी याच नावाने आलेली नवी गाडी तर फक्त पुढच्या चाकांवर चालते. दोघींतही मधले बाक पुढे तोंड असलेले, दाराला धरायला मूठ, खाली पाय ठेवायला पट्टी. अम्मी दोन्हींत चढल्या.

पुढचे काम चाचांचे होते. सकाळी इंजिन थंड असताना जायचे, कारण विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेली गाडी आपले दुखणे लपवते. इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण उघडायचे. तिथून धूर भसाभस येत असेल तर इंजिन आतून झिजले आहे. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. मग चटई टाकून खाली शिरायचे आणि चासी बघायची. गंज, तडे, वेल्डिंगचे टाके, एकाच जागी मारलेला ताजा काळा रंग. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का, हेही बघायचे. मापे वेगळी असली की चार चाकांवर चालताना सगळा ताण त्या पेटीवर येतो.

एका गाडीत गंमत झाली. कागदावर फोर-बाय-फोर, आत बटणही होते, पण पुढचा शाफ्टच गायब. डिझेल कमी जळावे म्हणून मालकाने काढून ठेवला होता, आणि आता तो कुठे आहे हे त्यालाच आठवत नव्हते. चाचा नुसते हात झटकत बाहेर आले.

चार चाकांची परीक्षा डांबरी सडकेवर घ्यायची नसते, हे मला तेव्हाच समजले. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचे अंतर कापतात. अशा साध्या फोर-बाय-फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात. मातीत चाक थोडे घसरून तो फरक भरून काढते. डांबरावर चाक घसरत नाही, आणि सगळा पीळ आतल्या दातांवर पडतो. म्हणून आम्ही प्रत्येक गाडी नांगरलेल्या शेतात नेली. ‘लो’मध्ये टाकली की वेग मरतो आणि ओढ वाढते. बैलाच्या चालीने गाडी ढेकळांतून निघाली आणि खालून कटकट आवाज आला नाही, तर समजावे ठीक आहे.

कागदपत्रांत मी कोणाचे ऐकले नाही. तिथे मास्तरकी कामाला येते. आमच्यापासून बुऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर, नातेवाईक तिथे, गाड्याही तिथे स्वस्त. पण बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. तिथली गाडी कायमची इथे आणायची तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर. स्वस्ताई तिथेच संपते. कर्जाचा बोजा आरसीवर चढलेला असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. चासी नंबर कागदावरचा आणि लोखंडावरचा स्वतः ताडून पाहायचा. मोठाले टायर आणि बदललेली बॉडी लावून सजवलेल्या जीप दिसायला देखण्या असतात, पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे फेरफार मनाला येतील तसे करू देत नाही. आणि वय. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले. म्हणून गाडीची किंमत विचारण्याआधी तिची किती वर्षे उरली ते विचारावे.

शेवटी २०१५ ची स्कॉर्पिओ घेतली, फोर-बाय-फोर, जळगाव पासिंग, एका हाताची. मोहल्ल्यात चर्चा झालीच. मास्तरणीने बांगड्या विकून जंगलात हिंडायला गाडी आणली. जेठ म्हणाले, “इतने पैसे में प्लॉट आ जाता.” खरे आहे, आला असता. पण प्लॉटमध्ये अम्मींना बसवून कुठे नेता आले नसते.

डिसेंबरात गेलो. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, त्यामुळे मुक्कामाचे दिवस थंडीचेच. जड सामान गाडीच्या आत, खाली ठेवले. टपावर वजन लादले की उंच गाडी वळणावर डोलते. वीस लिटर पाण्याचे दोन कॅन, फावडे, ओढायचा पट्टा, हवा भरायचा पंप. बायकांसाठी चार बांबू आणि कनाताचा वेगळा आडोसा घेतला. सहलीच्या याद्या पुरुष करतात, म्हणून त्यांत हा आडोसा कधी नसतो, आणि त्याच एका कारणाने कितीतरी बायका घरी राहतात.

एक गोष्ट आवर्जून सांगते. पालचा आजूबाजूचा मुलूख यावल अभयारण्याचा आहे. ते १९६९ मध्ये घोषित झाले. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरणे किंवा मुक्काम टाकणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. गाडी जाऊ शकते म्हणून आपण जावे, असे नाही. आम्ही शेतात राहिलो, मालकाच्या रजामंदीने.

नाला आला तेव्हा मुलांचे अब्बा उतरले आणि आधी पायी चालून पाणी आणि तळाचे दगड बघून आले. मग बटण ‘लो’वर. गाडी हळूहळू दगडांवरून चढली. मुले ओरडली. अम्मींनी मूठ घट्ट धरली होती आणि तोंडाने दुरूद चालू होता. पलीकडे गेल्यावर म्हणाल्या, “बस, हो गया? मैं समझी अभी बाकी है.”

रात्री कळण्याची भाकरी आणि निखाऱ्यावरच्या वांग्यांचे भरीत झाले. सातपुड्याकडे तोंड केले की किब्ला डाव्या हाताला. अम्मींनी इशाची नमाज लिंबाखाली खुर्चीवर बसून पढली आणि नंतर बराच वेळ तशाच बसून राहिल्या. आम्हीही उठवले नाही.

सकाळी मैत्रिणीच्या वडिलांशी बोलणे झाले. आमची ज्या वाटेने मौज झाली, ती त्यांची रोजची वाट. कापूस त्याच वाटेने जातो, आजारी माणूस त्याच वाटेने सडकेपर्यंत आणावा लागतो. ते म्हणाले, “या खुशाल. पण पाणी पडल्यावर येऊ नका. ओल्या मातीत तुमच्या चाकांच्या चाकोऱ्या पडतात, मग त्या दगडासारख्या वाळतात. तुम्ही घरी जाता, आमची बैलगाडी महिनाभर त्यांच्यात आदळते.” ताकदवान गाडी घेणाऱ्याने हे बोल आरसी बुकाबरोबर जपून ठेवावेत. तेव्हापासून पावसाळ्यात आणि अवकाळीनंतरचे काही दिवस आम्ही तिकडे जात नाही.

आता मोहल्ल्यातल्या तिघींनी मिळून नवी बीसी सुरू केली आहे. त्यांना फोर-बाय-फोर नको, सडकेवरची साधी सात सीटर पुरे आहे, आणि ते बरोबरही आहे. नाला ओलांडायचा नसेल तर चार चाकांच्या ओढीचे पैसे आणि डिझेल कशाला द्यायचे? त्या मला विचारायला येतात, इंजिनात काय बघायचे, कागद कोणते मागायचे. मी सगळे सांगते. पण सगळ्यांत आधी सांगते की गाडी बघायला जाताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला बरोबर न्या, तिला मागच्या बाकावर बसवा आणि दार लावून घ्या. मग तिला विचारा, बाहेरचे दिसते का?