तांब्याची तार आणि दख्खनची राणी
प्रवासाची दैनंदिनी : लेखांक दुसरा

दिवस पहिला

पहाटे पुण्यात कसबा गणपतीचे दर्शन घेऊन तांबट आळीतून निघालो, तेव्हा एका दुकानाची फळी नुकतीच उघडली होती आणि आत एक वृद्ध कारागीर हंड्यावर मठारकाम करीत बसले होते. प्रत्येक ठोक्यागणिक तांब्यावर एक चकाकता ठसा उमटत होता. मी मुंबईस निघालो असे कळताच त्यांनी हातोडी थांबविली. "दख्खनच्या राणीनंच ना? तिच्या माथ्यावरची तारसुद्धा तांब्याचीच बरं का!"

सव्वासातला गाडी हलली. १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने ती सुरू केली, त्या वेळी तिच्या दिमतीस सात-सात डब्यांचे दोन संच होते, एक रुपेरी आणि दुसरा निळा. त्यांचे सांगाडे विलायतेतून आले असले, तरी वरची घडण माटुंग्याच्या कारखान्यातली होती. मात्र तिसऱ्या वर्गाच्या उतारूस या गाडीची दारे १९५५ साली उघडली, ही नोंद वगळून तिच्या वैभवाचे वर्णन करणे मला प्रशस्त वाटत नाही.

खंडाळा मागे पडताच खिडकीबाहेर दरी उघडली. दर ३७ फुटांस एक फूट अशा चढणीचा हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल काम सुरू होताच मृत्यू पावले, आणि त्यांची पत्नी ॲलिस हिने तो मक्ता तडीस नेला. वाफेच्या काळी खंडाळ्याजवळ गाडी थांबवून, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास जोडावे लागे. विजेच्या आगमनाबरोबर नवा मार्ग आखला गेला आणि तो खोळंबा कायमचा संपला.

दिवस दुसरा, मुंबई

ज्या स्थानकातून ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेची गाडी कुर्ल्याकडे निघाली, तेथे आज माथ्यावरच्या तारेकडे बराच वेळ मान वर करून उभा होतो. आरंभी १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वाहणाऱ्या या मार्गावर आता २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह खेळतो. आपल्या राणीच्याच वर्षी, १९३० च्या ऑक्टोबरात, जपानमध्ये टोकियो ते कोबे 'त्सुबामे' ही शीघ्रगती गाडी सुरू झाली; परंतु तिचा बहुतेक मार्ग वाफेच्या इंजिनाचाच होता, त्याचे विद्युतीकरण पुरे होण्यास १९५६ साल उजाडले, आणि डब्यांखालच्याच मोटारींवर धावणारी 'कोदामा' त्यानंतर दोन वर्षांनी आली. वेगाच्या विद्येत आज ज्यांच्याकडे जग पाहते, त्यांच्या या गाड्यांआधी आपला पुणे-मुंबई मार्ग विजेवर चालत होता, याचा मला मनःपूर्वक अभिमान वाटला.

दिवस तिसरा, परतीची वाट

सायंकाळी भोजनयानात टेबलाशी बसलो. चीज टोस्ट संपत आला असता कर्जत आले, आणि गाडीच्या पाठीशी घाटाची इंजिने लागली. क्षणभर पाठीमागून हलकासा धक्का बसला, कपातल्या चहावर एक वर्तुळ उमटून विरले, आणि चढण सुरू झाली. पुढे नेणारा ओढतो आणि मागचा रेटतो, तेव्हाच हा घाट चढतो. लोणावळ्यास अंधारात ती इंजिने सुटी झाली. एकाही उतारूने खिडकीबाहेर पाहिले नाही. नव्वद वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या राणीपदाचा खरा बंदोबस्त अशा न दिसणाऱ्या रेट्यानेच केला आहे : घाट फोडताना देह ठेवलेल्या मजुरांनी, माटुंग्याच्या कारागिरांनी, तार सांभाळीत उन्हापावसात रुळांवर फिरणाऱ्या माणसांनी.

रात्री पेठेत परतलो, तेव्हा तांबट आळी निजली होती. एका ओट्यावर तोच हंडा पालथा घातलेला होता. रस्त्याच्या दिव्यात त्याचे ठसे एकेक मोजता येत होते, केवळ गळ्याजवळचा पट्टा अद्याप कोरा होता. सकाळी त्या पट्ट्यावर ठोके पडू लागले की आजोबांपाशी जाऊन बसावयाचे, आणि त्यांच्या तारेची हकीकत त्यांना सांगावयाची आहे.