गाडी खाली टेकवा, मग पाना आवळा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली होतो. "मिस्त्री, गाडीच्या आवाजांवर लिहा, पण सगळ्यांना कळेल असं," म्हणाले. प्रयत्न करतो. पण सुरुवात त्याच गाडीपासून करावी लागेल, कारण ती अजून डोक्यातून गेलेली नाही.

गाडी एका शिक्षकांची. माणिकदौंडीच्या बाजूने रोज पाथर्डीला येणं-जाणं. वर्षापूर्वी मीच तिच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश बदलले होते. श्रावणात सर परत आले. "ब्रेक दाबला की डाव्या पायाखाली खट्ट होतंय. सोडला की पुन्हा खट्ट." बुश काढला. रबर आतल्या नळीपासून अर्धं सुटलेलं. वर्षभरात! मी सरांना म्हणालो, हल्ली मालच हलका येतो. त्यांनी मान डोलावली, पैसे दिले, गेले. रात्री मला झोप लागली नाही, कारण दोष मालाचा नव्हता हे मला ठाऊक होतं. बुश घाईच्या दिवशी बसवले होते आणि बोल्ट गाडी घोडीवर, म्हणजे उचलून स्टँडवर ठेवलेली असतानाच आवळले होते.

यात एवढं काय, असं आमच्या धंद्यातलेही विचारतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो. बुश म्हणजे लोखंडाची एक नळी बाहेर, एक आत, आणि मधे दोन्हींना चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चासीला पक्की धरली जाते, ती फिरत नाही. चाक वर-खाली झालं की आर्म हलतो आणि मधलं रबर पिळलं जाऊन परत सरळ होतं. म्हणजे बुश घासत नाही, पीळ खातो. आता गाडी घोडीवर आहे, चाक खाली लोंबतंय, आर्म खाली झुकलाय, आणि तुम्ही बोल्ट आवळलात. त्या लोंबत्या स्थितीत रबर सरळ आहे. गाडी जमिनीवर टेकवली, आर्म वर आला, की रबराला पीळ बसला. गाडी नुसती दारात उभी असली तरी तो पीळ सुटत नाही. टॉवेल पिळून तसाच बांधून ठेवावा तसं. वर खड्डे. ते रबर किती दिवस टिकणार?

गाड्यांच्या वर्कशॉपच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं: शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असताना. ते वाचायला मला फार वर्षं लागली. माझे उस्ताद ॲम्बॅसडरवर शिकलेले. तिला जागोजागी ग्रीसचे निपल असत, पंपाने ग्रीस मारलं की निम्मी कुरकुर थांबायची. १९८३ ला मारुती ८०० आली आणि हळूहळू सगळं बदललं. जॉइंट बंद झाले, वर रबरी बूट आले. हात मात्र जुन्या सवयीचे राहिले. आजही गिऱ्हाईक म्हणतं, "मिस्त्री, खालून डिझेल-ऑइल मारून द्या, आवाज जातो." जातो, आठ-पंधरा दिवस. पण तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं, आणि ज्या बुशाची नुसती कुरकुर होती तो फाटतो. मी मारून देत नाही. त्यावरून गिऱ्हाइकं तुटली आहेत.

आवाज ऐकून निदान करणं मात्र मला अजूनही आवडतं. लोक तोंडाने आवाज काढून दाखवतात, आणि ते बहुधा बरोबर असतात. कोरडी कुरकुर रबराची. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की येणारी कट-कट-कट एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटची, बूट फाटून ग्रीस गेलेलं असतं. वेगाबरोबर वाढणारी घुंईऽऽ चाकाच्या बेअरिंगची. उजवीकडे वळताना ती वाढली तर डावं बेअरिंग बघावं, कारण वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो. पाऊस थांबल्यावर सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला येणारी खरखर डिस्कवरच्या गंजाची असते, तिची काळजी नको. पण रोजची बारीक चींऽऽ वेगळी. पॅड झिजत आल्याचं कळावं म्हणून बऱ्याच पॅडना पत्र्याची जीभ ठेवलेली असते, ती डिस्कला लागते. ती चीं ऐकून रेडिओ मोठा करणारे लोक मी पाहिलेत. पुढे लोखंडावर लोखंड घासतं आणि पॅडबरोबर डिस्कही जाते.

फसवतो तो लिंक रॉड, गाडीचं कलणं रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारची जोडदांडी. एक चाक जॅकवर उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, लिंक रॉड ताणला जातो आणि ढिला असूनही घट्ट लागतो. तो बघायचा तर चारी चाकं जमिनीवर हवीत. खालचा बॉल जॉइंट बहुतेक छोट्या गाड्यांत याच्या उलट: चाक लोंबत ठेवायचं आणि टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून हलवून बघायचं. हे न केल्यामुळे लोकांचे चांगले शॉकप बदलले जातात आणि खडखड तशीच राहते.

ब्रेकबद्दल एकच. करंजी घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे अजून भेटतात, डिझेल वाचतं म्हणतात. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतारावर पाय काढला की इंजिनाला इंधन जातच नाही, वाचवायला काही उरत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक ऑइल पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी धरलं की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. उकळलं की पेडल पोकळ लागतं. दोन वर्षांनी ऑइल बदला.

दसऱ्यानंतर मी शिक्षकांना फोन करून बोलावलं. खरं काय ते सांगितलं आणि घेतलेले पैसे परत दिले. त्यांच्यासमोर चारी चाकं जमिनीवर ठेवून बोल्ट ढिले केले, गाडी दोन-तीनदा दाबून बसवली, मग आवळले. बुश आता शांत आहेत.

तुमच्या गाडीचा बुश बदलताना शेजारी उभे राहा. शेवटचा पाना गाडी खाली टेकवल्यावरच आवळायला सांगा. मिस्त्री चिडला तरी सांगा.