गंमत म्हणून फोटोग्राफी शिकताना

पन्नाशीच्या आसपास 'गंमत म्हणून काहीतरी शिकायला जातोय' असं घरी सांगून बघा. पहिला प्रश्न येतो, "त्याचा उपयोग काय?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "आता या वयात?" दवाखान्यात मी एखाद्याला औषधांबरोबर नवीन काही शिकायला सुचवतो तेव्हाही हेच दोन प्रश्न मला ऐकावे लागतात. गेल्या वर्षी मी स्वतः फोटोग्राफीच्या क्लासला नाव घातलं. १२ आठवडे, दर रविवारी सकाळी अडीच तास. मला प्रदर्शन भरवायचं नव्हतं की लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या नव्हत्या. त्यामुळे या प्रश्नांबद्दल आता थोडं अनुभवानं बोलता येईल.

आधी 'या वयात' बद्दल. २०१४ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस इथल्या संशोधक डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६० ते ९० वयोगटातली २००हून अधिक माणसं होती. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना गोधडीसारखं क्विल्ट शिवायला शिकवलं, काहींना दोन्ही. तुलनेसाठी आणखी गट होते. एका गटानं फक्त एकत्र जमायचं, गप्पा मारायच्या, सहलींना जायचं. दुसऱ्यानं घरी बसून गाणी ऐकायची, सोपी कोडी सोडवायची. तीन महिन्यांनी पाहिलं तर नवीन, अवघड गोष्ट शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा सुधारलेली दिसली. नुसत्या गप्पांनी किंवा सरावातल्या कोड्यांनी तेवढा फरक पडला नव्हता.

इथे डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. ही मंडळी आठवड्याला साधारण १५ तास शिकत होती, रविवारचे अडीच तास नव्हे. आणि या अभ्यासावरून 'फोटो काढले की स्मृतिभ्रंश होत नाही' असं कोणी तुम्हाला सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. आपण 'छंद जोपासा' असं सरसकट म्हणतो. पण ४० वर्षं जे जमतंय तेच करत राहणं आणि अजिबात न जमणारं शिकायला बसणं, यात मेंदूच्या दृष्टीनं फरक आहे. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं रोज १० मिनिटांत सुटत असेल तर ते आनंदासाठी जरूर सोडवा, मेंदूचा व्यायाम म्हणून त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका.

न जमणारं शिकायला बसायचं म्हणजे चारचौघांत न जमणारं करायचं, आणि खरी अडचण तिथे येते. पेशंट गुडघेदुखीचं, वेळेचं, पैशांचं कारण सांगतात. थोडं बोलतं केलं की समजतं, हसं होण्याची भीती असते. पन्नाशीनंतर आपल्याला कोणी दुरुस्त करत नाही. ऑफिसात आपण साहेब असतो, घरात मोठे असतो, आणि डॉक्टरला तर त्याच्या खोलीत कोण काय बोलणार! क्लासमध्ये दर रविवारी सगळ्यांचे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवायचे आणि सगळ्यांनी त्यावर बोलायचं. आमच्या बॅचमध्ये बँकेच्या ऑडिट विभागातून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी बागेत काढलेला काकूंचा फोटो लागला तेव्हा मागच्या बाकावरची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काका, काकूंच्या डोक्यातून विजेचा खांब निघालाय." क्षणभर शांतता. मग काकाच सगळ्यांत मोठ्यानं हसले. "३० वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या. आता माझ्या काढायला ही आली!" पुढच्या रविवारी त्यांनी त्याच जागी तीन पावलं डावीकडे सरकून फोटो काढून आणला. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून दाखवले. वय ६७.

खांब त्यांना आधी दिसला नाही, कारण कुणालाच दिसत नाही. आपला डोळा एका वेळी अगदी छोटा भाग स्पष्ट बघतो. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढाच. बाकीचं चित्र डोळा सेकंदाला दोन-चार वेळा इकडून तिकडे उडी मारून गोळा करतो आणि मेंदू ते जुळवतो. जुळवताना तो बरीच साफसफाई करतो. बायकोच्या चेहऱ्याकडे बघताना मागचा खांब तो परस्पर वगळतो. पिवळ्या बल्बखाली पांढरा सदरा पांढराच दाखवतो. खिडकीसमोर बसलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला व्यवस्थित दिसतो, फोटोत मात्र तो काळा येतो. कॅमेरा बिचारा जे आहे ते दाखवतो. फोटोग्राफी शिकणं म्हणजे निम्मं यंत्र शिकणं आणि निम्मं मेंदूनं वगळलेलं पुन्हा बघायला शिकणं. पहिले तीन रविवार डोकं दुखतं ते यामुळे.

बाकी तांत्रिक भाग ऐकायला वाटतो तेवढा भयंकर नाही. ॲपर्चर म्हणजे कॅमेऱ्याची बाहुली. लेन्सच्या फोकल लेंग्थला जितक्यानं भागायचं तो आकडा, म्हणून आकडा लहान तर भोक मोठं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ २ वर २५ मिलिमीटरचं भोक, एफ ८ वर जेमतेम सहा. आपली बाहुली लख्ख उजेडात २ मिलिमीटरच्या आसपास असते, तरुणपणी अंधारात ७-८ मिलिमीटरपर्यंत उघडते. साठी-सत्तरीत ती तेवढी उघडत नाही. आजोबांना वाचायला जास्त उजेड लागतो तो उगाच नाही; त्यांना ओरडण्याऐवजी दिवा बदला.

चाळिशी लागलेल्यांनी पहिल्या दिवशी व्ह्यूफाइंडरच्या शेजारचं छोटं चक्र शोधावं. ते फिरवलं की आतलं चित्र तुमच्या नंबरप्रमाणे स्पष्ट होतं. 'मला नीट दिसतच नाही' म्हणून क्लास सोडणारे लोक मी पाहिले आहेत. अडचण त्या चक्रात होती. व्ह्यूफाइंडरमधून थेट सूर्याकडे बघू नका, दृष्टिपटल कायमचं भाजू शकतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उकिडवं बसून फोटो काढल्यावर एकदम उठू नका, चक्कर येते. आणि सुरुवातीला महागडा कॅमेरा घेऊ नका. मोबाइल पुरतो.

आठव्या आठवड्याचा गृहपाठ होता: घरातलं एकच माणूस, खिडकीचा उजेड, ४० फोटो. मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, निवडलं. ते ८१ वर्षांचे आहेत, त्यांना सात वर्षांपासून पार्किन्सन्सचा आजार आहे. मी त्यांच्याकडे रोज बघतो, पण बघतो ते डॉक्टरच्या नजरेनं: कंप वाढला का, पाऊल अडखळतंय का, गोळीची वेळ बदलायला हवी का.

दुपारी चारला ते खिडकीशी मटार सोलत बसले होते. हात मांडीवर विसावला की बोटं थरथरायची. या आजारातला कंप सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होतो, त्यामुळे शटर संथ ठेवला की बोटं धूसर येतात. शेंग हातात घेतली की मात्र थरथर बरीच कमी. पार्किन्सन्सचा कंप विश्रांतीत जास्त असतो, कामात कमी होतो, हे मला पाठ आहे. ते ओळीनं लावलेल्या फोटोंत बघणं निराळं.

आई आतून शेजारच्यांची काहीतरी गंमत सांगत होती. अण्णांचा चेहरा नेहमीसारखा स्थिर. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात, चेहरा मुखवट्यासारखा दिसू लागतो. मी बटण दाबत राहिलो. गंमत सांगून संपली, आई कुकर लावायला वळली, आणि मग अण्णांचं हसू आलं. आधी डोळ्यांच्या कोपऱ्यात, मग ओठांवर, अगदी हळू. चार-पाच सेकंद उशिरा. एरवी ते हसू बघायला तिथे कोणीच थांबलेलं नसतं.

तुमच्या घरी पार्किन्सन्सचा पेशंट असेल तर हे लक्षात ठेवा. चेहरा हलत नाही म्हणून त्यांना काही वाटत नाही असं नसतं. भावना आत असतात, स्नायूंपर्यंत पोचायला वेळ लागतो. घरचे लोक समजतात, 'यांना आता कशात रस उरला नाही', आणि हळूहळू काही सांगणंच बंद करतात. सांगत राहा, आणि सांगून झाल्यावर लगेच उठू नका. खरंच उदासी वाटत असेल, कारण या आजारात नैराश्यही येतं, तर ते चेहऱ्यावरून ठरवू नका. त्यांना विचारा, डॉक्टरांना सांगा.

रविवारी ते फोटो भिंतीवर लागले तेव्हा आमचे सर म्हणाले, "४० फोटोंत एकदाही डोळे मिटलेले नाहीत, नशीबवान आहात." पार्किन्सन्समध्ये पापण्या कमी वेळा लवतात, हे त्यांना मी नंतर सांगितलं. मग वर्गात अर्धा तास पापण्या, कोरडे डोळे आणि थेंबांवर चर्चा झाली. त्या मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "तुमच्या अण्णांना मी भेटायला येऊ का?" ती आली. तिनं काढलेले फोटो माझ्यापेक्षा चांगले आले. अण्णांनी त्यातलाच एक निवडला. खाली मटारची सालं दिसतात, ती कापून टाका असं आईचं म्हणणं होतं. अण्णांनी कापू दिली नाहीत.

आता आमच्यातले सातजण पुढच्या बॅचला बसतोय, विषय रात्रीचे फोटो. ऑडिटवाल्या काकांनी ट्रायपॉड आधीच घेतलाय. माझ्याकडे आरोग्याच्या सूचना लिहायचं काम आलं, ती यादी मी छोटी ठेवली: पायाखाली बघून चाला, टॉर्च लाल कागदानं झाका, आणि अंधारात गेल्यावर डोळ्यांना २० ते ३० मिनिटं द्या, तेव्हा कुठे बारीक चांदण्या दिसायला लागतात. मधे मोबाइलच्या झगझगीत स्क्रीनकडे पाहिलंत तर त्यातली बरीचशी मिनिटं पुन्हा मोजावी लागतील.